दोनशे चाळीस विधानांच्या बाई

बाईंनी मला नोकरीवर घेतलं ते वाणसामानाच्या यादीमुळे. मुलाखतीला निघताना आईने हातात पिशवी दिली होती, येताना सामान आण म्हणून. बाईंसमोर बसताना पिशवीतली यादी खाली पडली. बाईंनी ती उचलली, दोऱ्याने गळ्यात अडकवलेला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सावकाश वाचली. जिनसा मी दुकानांप्रमाणे लावल्या होत्या, दुकानं रस्त्याप्रमाणे. जे आणलंच पाहिजे त्यापुढे फुली होती, मिळालं तर आणायचं त्यापुढे टिंब. बी. ए.ला मानसशास्त्रात किती गुण पडले हे बाईंनी विचारलंच नाही.

"उद्यापासून या," त्या म्हणाल्या. "मानसशास्त्र मला येतं. मला कारकून हवाय."

त्यानंतरची चार वर्षं मी कारकून होते. "कारकून, पुठ्ठे काढा." "कारकून, जयगडची गाडी किती वाजता?" माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत आठवत होतं की नाही, याची मला शंका आहे.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. रत्नागिरीत एका धर्मादाय दवाखान्याच्या मागे मोडक्या खाटा ठेवायची खोली होती. मुंबईत कुठेशी तीस वर्षं मुलांच्या मनाचं काम करून निवृत्त झालेल्या बाईंनी ती मागून घेतली आणि वर पाटी लावली, 'बालमार्गदर्शन केंद्र'. पाटी वाचून पहिल्या महिन्यात दोन तरुण आयटीआयच्या प्रवेशाची चौकशी करायला आले, एक बाई तान्ह्याला डोस पाजायला घेऊन आली, एक आजोबा नातवाची पत्रिका घेऊन आले आणि एक गृहस्थ नुसतेच पंख्याखाली बसायला आले. बाईंनी कोणालाच परत पाठवलं नाही. पत्रिकावाल्या आजोबांना म्हणाल्या, "ग्रह राहू देत. नातू झोपतो का नीट?" आजोबा दीड तास बोलले.

आमच्या कामाचं मुख्य हत्यार म्हणजे एक प्रश्नावली. ती मुलाने भरायची नसे, आईबापांनी मुलाबद्दल भरायची. दोनशे चाळीस विधानं आणि प्रत्येकापुढे दोन चौकोन: खरे, खोटे. मूल कशाला भितं, झोपेत काय करतं, मित्र किती, बोलता बोलता अडतं का, पडतं-झडतं का, घरात भांडणं होतात का, सगळं त्यात. मग मी भोकं पाडलेले पुठ्ठे एकेक करून उत्तरांच्या कागदावर ठेवायची आणि भोकांतून दिसतील त्या खुणा मोजायची. भीतीचा पुठ्ठा वेगळा, एकलकोंडेपणाचा वेगळा, मेंदूच्या कामात काही अडचण आहे का याचा वेगळा. एक पुठ्ठा लाल होता. तो फक्त फॉर्म भरणारा खोटं बोलतोय का हे पाहायला. 'माझे मूल कधीही हट्ट करत नाही', 'माझे मूल कधीही रागावत नाही' अशी काही विधानं मुद्दाम पेरलेली असत. त्या सगळ्यांपुढे प्रामाणिकपणे 'खरे' लिहिणारी आई या जगात नाही, असं शास्त्र सांगे. नियम असा की लाल पुठ्ठ्यातून फार खुणा दिसल्या तर तो फॉर्म रद्द.

"मला मूल नाही ते बरंय," बाई एकदा म्हणाल्या. "असतं तर मी पहिल्याच पानावर लाल पुठ्ठ्यात सापडले असते."

दिसायला बाई बुटक्या आणि रुंद. सुती पातळ चार बोटं वर खोचलेलं, पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट, कारण कातळावर चपला टिकत नाहीत. मनगटावर भलं मोठं पुरुषी घड्याळ. केंद्रात पेन आणायला बंदी होती. "पेनाने माणूस खोटं ठामपणे लिहितो," त्या म्हणत. "पेन्सिलीने निदान चाचपडतो तरी." त्यामुळे चौदा पेन्सिली कायम टोक काढून उभ्या. आणि 'मंद' हा शब्द. हा शब्द जो उच्चारेल, मग तो आई असो, डॉक्टर असो की दवाखान्याचे विश्वस्त, त्याच्यापुढे बाई मुकाट्याने पातं आणि सहा बोथट पेन्सिली ठेवत. टोकं काढून झाल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. विश्वस्तांनी पहिल्याच सभेत बारा काढल्या होत्या.

मुलांशी बाई गोड बोलत नसत. गोड बोललं की मुलांना संशय येतो, असं त्यांचं मत. पाच वर्षांचं पोर रडत आत आलं की त्या उठून उभ्या राहत, हात जोडत आणि म्हणत, "नमस्कार. बसा. आपलं काय म्हणणं आहे?" पोर इतकं चकित होई की रडणं विसरून खरोखरच बसे. एकाने तर म्हणणं मांडलं. आईने विचारल्याशिवाय केस कापले, हे त्याचं म्हणणं होतं. बाईंनी ते लिहून घेतलं आणि आईला जाब विचारला.

खरे-खोटे त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की बाहेरही तेच चाले. एसटीच्या कंडक्टरला त्या विचारत, "ही गाडी वेळेवर सुटेल. खरे की खोटे?"

"आता कसं बघा बाई, ड्रायव्हर आलाय, पण चहाला गेलाय..."

"खरे की खोटे?"

"तसं म्हटलं तर खरंच, पण..."

"रत्नागिरी जिल्ह्यात," बाई माझ्याकडे वळून म्हणत, "तिसरा चौकोन छापायला हवा होता."

त्यांचं चुकत नव्हतं. फॉर्म कुठल्या तरी परदेशी कागदावरून मुंबईच्या कोणी प्राध्यापकांनी मराठीत आणला होता, आणि त्या प्राध्यापकांनी आमचा तालुका पाहिला नव्हता. 'माझ्या मुलाला स्वतःची खोली नीटनेटकी ठेवायला आवडते.' मी वाचलं की समोरची आई विचारी, "खोली कोणाची? आमच्या दोन, त्यातल्या एकीत भात." 'माझे मूल अनोळखी माणसांशी सहज बोलते.' "अनोळखी कोण येतंय? आलंच तर कोणाचा कोण ते आधी विचारून घेतो, मग ओळखीचाच झाला की." 'माझ्या मुलाला विनाकारण भीती वाटते.' "विनाकारण कशाला? विहिरीकडे चिंच आहे, तिथे कारण आहेच." 'माझे मूल वडिलांचे ऐकते.' यावर एका आईने बोटांवर महिने मोजले. नवरा मुंबईला. शेवटी म्हणाली, "गणपतीत ऐकतो, शिमग्यात ऐकतो. मधलं काय लिहू?"

अशी तासन् तास चर्चा करून आम्ही चाळीस फॉर्म जमवले. पुठ्ठे ठेवून मी खुणा मोजल्या आणि आलेख काढला. रेषा वर चढली, अजून चढली, आणि कागद संपला. मी वरून पट्टी चिकटवली. तीही संपली. दुसरी चिकटवली.

बाईंनी ते भेंडोळं भिंतीवर उलगडून पाहिलं. "कारकून, या तालुक्यात एकही धड मूल नाही?"

बाहेर दवाखान्याच्या आवारात धड मुलं आंब्यावर दगड मारत होती. मी पुन्हा मोजलं. तेच आलं. चाळीस मुलं हट्टी, घाबरट, आळशी, अभ्यासात ढ, जेवणाची तक्रार करणारी. बाई चार दिवस ते भेंडोळं पुन्हा पुन्हा उलगडत होत्या. पाचव्या दिवशी एक आई विसरलेली छत्री न्यायला आली. तिच्या मुलाचा आलेख दुसऱ्या पट्टीवर गेलेला होता. छत्री घेताना ती सहज म्हणाली, "तसा गुणाचा आहे हो माझा. उठल्यावर पाणी भरतो, धाकटीला सांभाळतो. पण आपल्या तोंडाने काय सांगायचं? दृष्ट लागते."

बाईंनी कपाळावर हात मारला. चाळीस आयांनी चाळीस मुलांची दृष्ट काढून ठेवली होती, आमच्या कागदावर. बाईंनी तो गठ्ठा टाकला नाही. सुतळीने बांधला आणि वर चिठ्ठी लावली: 'नम्रता, नग ४०'.

मग त्यांनी शेजारणीची युक्ती काढली. आईने स्वतःच्या मुलाचा फॉर्म भरायचाच नाही, शेजारणीच्या मुलाचा भरायचा. शेजारीण दृष्टीला घाबरणार नाही. हे खरं ठरलं. ती कशालाच घाबरली नाही. पहिल्या जोडीने एकमेकींच्या मुलांबद्दल समासातही लिहिलं, एकीने तर मागच्या बाजूला चालू ठेवलं. आठवड्याने दोघी एकत्र आल्या. आमच्या केंद्रात काय लिहिलं ते बाहेर कधीच जात नसे, पण त्यांनी एकमेकींनाच सांगून टाकलं होतं. विहिरीवर भांडल्या, मग समेट केला, आणि भांडण लावून दिलं म्हणून आता जोडीने बाईंवर चालून आल्या होत्या. बाईंनी दोघींना चहा पाजला आणि युक्ती मागे घेतली.

खरा उपाय दवाखान्याच्या स्वयंपाकघराने दिला. एकदा वाट पाहणाऱ्या एका आईसमोर स्वयंपाकीणकाकू निवडायच्या तांदळाने भरलेलं सूप ठेवून गेल्या. आई आपसूक खडे निवडायला लागली. मी तिथेच बसून विधानं वाचली. आणि ती बोलायला लागली, नुसती बोलत सुटली. खडा उचलायचा, बाजूला टाकायचा, उत्तर द्यायचं. "हट्ट करतो ना, पण खाण्याचा नाही, गोष्टीचा. रात्री दचकतो, हो, आजोबा गेल्यापासून." दृष्ट नाही, लाज नाही, 'तसं म्हटलं तर' नाही. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"हात रिकामे असले की माणूस फॉर्म भरतो," त्या संध्याकाळी त्यांनी गंभीरपणे वहीत लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, "हात कामात असले की खरं बोलतो."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या बाकावर प्रत्येक आईच्या मांडीवर सूप. प्रश्न मी वाचायचे, खुणा मी करायच्या. आलेख कागदात मावायला लागले. दवाखान्याचा भात तर इतका स्वच्छ झाला की पेशंट घरी जाऊन सांगत. काकूंना तो छंदच लागला. गर्दी कमी असली की त्या खिडकीतून ओरडत, "बाई, आज केस नाहीत का? उद्या रुग्णांच्या दातांखाली खडे येतील हो!"

बाई चार वर्षांनी गेल्या. गुडघे चालेनात, म्हणून मुंबईला बहिणीकडे राहायला गेल्या आणि पुढे तिथेच वारल्या. मधे मला त्यांचं एक पत्र आलं होतं, पेन्सिलीने लिहिलेलं. 'तब्येत बरी आहे: खरे. बहीण मला बोलू देते: खोटे. रत्नागिरीची आठवण येते: तसं म्हटलं तर.' त्यांच्याबद्दल लोक मला पेन्सिली आणि खडे एवढंच विचारतात, आणि मी सांगते, आणि सगळे हसतात. पण मला बाई म्हटलं की निमी आठवते.

निमी नऊ वर्षांची होती. जयगडच्या रस्त्यावरच्या एका गावात राहायची, तिसरीत होती. बाप मुंबईत एका खानावळीत कामाला, घरी आई आणि आजी. एप्रिलच्या शेवटी तिच्या शाळेचे मोठे गुरुजी स्वतः केंद्रात आले. धोतर, टोपी, काखेत हजेरीपत्रक.

"बाई, एक पत्र हवं तुमच्या सहीचं. ही मुलगी मंद आहे असं..."

बाईंनी पातं आणि पेन्सिली पुढे ठेवल्या. गुरुजींना नियम माहीत नव्हता. मी सांगितला. ते टोकं काढत काढत पुढचं बोलले. प्रश्न विचारला की मुलगी नुसती बघते. कविता म्हणताना मधेच थांबते आणि पुढची ओळ सोडून भलतीकडे सुरू करते. पुढच्या वर्षी चौथी, शिष्यवृत्तीचं वर्ष, साहेब तपासणीला येणार. "तुमचं पत्र मिळालं की जूनमध्ये दाखला देऊन मोकळं करतो. घरी राहील, गुरं राखील. तिलाही त्रास नको, आम्हालाही."

दाखला, म्हणजे शाळा सोडल्याचा. नवव्या वर्षी.

"आधी आई फॉर्म भरेल," बाई म्हणाल्या.

आई आली. मांडीवर सूप घेतलं, पण पेन्सिल स्वतःच्या हातात मागून घेतली. सातवी शिकलेली होती. दोन तास बसून तिने स्वतः वाचून दोनशे चाळीस खुणा केल्या आणि नमस्कार करून गेली. मी लाल पुठ्ठा ठेवला. प्रत्येक भोकात खूण. निमी कधीही हट्ट करत नव्हती, रागावत नव्हती, विसरत नव्हती, पडत नव्हती. नऊ वर्षांत निमीने काहीही चुकीचं केलेलं नव्हतं.

"रद्द," मी म्हटलं. नियम तोच होता.

बाईंनी सूप माझ्यापुढे सरकवलं. "खडे मोजा."

सुपात सगळे खडे जागच्या जागी होते. दोन तासांत एकही निघाला नव्हता.

"कागद रद्द होतो," बाई म्हणाल्या. "पोरगी होत नाही. जयगडची गाडी किती वाजता?"

मे महिन्याचं ऊन. गाडीतून उतरून पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढत आम्ही घरी पोचलो तेव्हा घरापुढच्या खळ्यात चटईवर फणस फोडलेला होता. निमीची आई हातांना खोबरेल चोपडून गरे काढत बसली होती. आम्हाला पाहून तिचा चेहरा उतरला, पण उठता येईना. कोपरापर्यंत चीक.

"बसा बाय," आजी पडवीतून म्हणाली. "शाळेतनं आलात काय?"

"शाळेतून नाही. फणसाला आलोय," बाई म्हणाल्या आणि चटईच्या कडेला बसकण मारली. "कापा की बरका?"

"कापा."

"अरे वा. कारकून, लिहा."

मी पेन्सिल काढली. निमीच्या आईने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. या हातांनी पेन्सिल धरणं शक्य नव्हतं. बाईंनी फॉर्म वाचलाच नाही. गरे छान आहेत का, मुंबईला पाठवणार का, आठळ्या भाजून खाता की आमटीत, असं सुरू केलं. आई गरे काढत उत्तरं देत होती. बाईंनी मधेच विचारलं, "आणि निमी फणस खाताना मधेच थांबते का?"

सुरी थांबली. मग पुन्हा चालू लागली.

उत्तर तेव्हाच आलं, पण तोंडाने नाही. निमी पाण्याचा तांब्या घेऊन आतून आली. दोन वेण्या, निळा फ्रॉक. बाईंसमोर आली, तांब्या पुढे केला आणि तशीच उभी राहिली. डोळे बाईंच्या डोक्यावरून कुठेतरी, पापण्या किंचित फडफडत. तांब्या हळूहळू कलला. पाण्याची धार बाईंच्या कॅनव्हासच्या बुटावर पडायला लागली. आई "गो निमे!" करून उठू पाहत होती, चिकाचे हात हवेत. बाईंनी एक हात वर करून तिला थांबवलं. दुसऱ्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत राहिल्या. पाय हलवला नाही. तांब्या रिकामा झाला.

"अकरा सेकंद," त्या म्हणाल्या. "लिहा."

निमीने पापण्या मिटल्या, उघडल्या. "पाणी घ्या," ती म्हणाली. मग तांब्यात पाहिलं. मग बाईंच्या बुटाकडे. तिचा चेहरा असा झाला की मला कागदात बघावं लागलं.

"नमस्कार," बाई उठून उभ्या राहत म्हणाल्या. बुटातून पाण्याचा आवाज आला. "पाणी पोचलं. पाय फार तापले होते. आपलं काय म्हणणं आहे?"

निमीने जरा विचार केला. "मधलं मला ऐकायला येत नाय," ती म्हणाली. "मग सगळे हसतात."

नऊ वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं.

मग आईचं तोंड उघडलं. गरे काढणं एकदाही न थांबवता ती बोलत गेली. "दिसातनं किती येळा होतं, बाय. घास हातात असतो नि बघत रवतं पोर. जरा वेळानं काय झालंच नाय असा चालू. मास्तर विचारतात नि नेमका तेवाच हा होतो. म्या काय लिवणार? गुरुजींनी सांगितलेलं, बाईंचा कागद आला की नाव कापणार. म्हणून सगळा चांगला लिवला."

"फेफरं नाय ते!" आजी पडवीतून कडाडली. "तसा काय लिवू नका. उद्या तिला करील कोण?"

"आजी, मी लग्नाचा फॉर्म भरत नाहीये," बाई म्हणाल्या. "मी शाळेचा भरतेय. आणि याला औषध आहे."

"खराच?" आजीने विचारलं.

"खरे," बाई म्हणाल्या, चौकोनात खूण करावी तशा.

बाईंनी तिथेच पेन्सिलीने तीन पानी चिठ्ठी लिहिली. बाप रजा काढून आला आणि निमीला मुंबईला मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. तिथे डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला. डॉक्टरांनी सांगितलं, थोड्या सेकंदांचे झटके आहेत, त्या वेळी तिला काही ऐकू येत नाही आणि दिसत नाही, बुद्धीचा काही संबंध नाही. औषध दिलं, हळूहळू वाढवत न्यायचं होतं, गुण यायला महिना-दोन महिने लागणार होते. आणि शाळा तर जूनमध्येच उघडणार होती.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आम्ही गुरुजींकडे गेलो. गुरुजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्च्या पुसून दिल्या. पण दाखल्याचं पुस्तक टेबलावर होतं आणि निमीचं नाव लिहूनही झालं होतं. फक्त सही राहिली होती.

"औषध चालेल न चालेल," ते म्हणाले. "मी तीन वर्षं या मुलीला बघतोय. मला माहिती आहे ती."

"उत्तम," बाई म्हणाल्या आणि पिशवीतून कोरा फॉर्म काढून पुढे ठेवला. "मग तुम्ही भरा. आईचा रद्द झालाय. कारकून, वाचा."

मी वाचलं. "हे मूल झोपेत दचकते."

"मला काय माहीत?"

"तिसरा चौकोन नाही, गुरुजी," बाई म्हणाल्या. "खरे की खोटे?"

"पुढचं वाचा."

"या मुलाला एक तरी जवळचा मित्र आहे."

गुरुजींनी टोपी काढली. "असेल."

"या मुलाला गोष्टी ऐकायला आवडतात."

"सगळ्यांनाच आवडतात."

"हिला?"

मी वाचत गेले. तिला गाता येतं का? तिला अंधाराची भीती वाटते का? ती घरी शाळेबद्दल बोलते का? कोणी हसलं तर ती रडते की गप्प बसते? एकतिसाव्या विधानाला गुरुजींनी पेन्सिल खाली ठेवली. कागदावर तीन खुणा होत्या, आणि त्यांतली एक खोडलेली.

"ही दोनशे चाळीस आहेत," बाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, चहाला बोलवावं तसा. "आईला सगळी येत होती. भीतीने उलटी लिहिली, पण येत होती. तुम्हाला तीन आली. आता सांगा, सही कोणाच्या माहितीवर करताय?"

गुरुजींनी दाखल्याचं पुस्तक मिटलं. "सहामाहीपर्यंत बघतो," ते म्हणाले. "पण वर्गात करायचं काय? ती थांबली की?"

"थांबायचं," बाई म्हणाल्या. "तुम्हीही. अकरापर्यंत मोजायचं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. दुसरा नाही. तोच."

दुसऱ्या दिवशी बाईंना रत्नागिरीला काम होतं, मला याद्या लिहायच्या होत्या. तरी आम्ही सकाळच्या गाडीने पुन्हा त्या गावी गेलो आणि वर्गाच्या खिडकीबाहेर चिऱ्याच्या कठड्याला टेकून उभ्या राहिलो. आत चौथीचा वर्ग. गुरुजी स्वतः हजेरी घेत होते. नावं भराभर जात होती, हजर, हजर, हजर. मग निमीचं नाव आलं.

काही नाही.

मी खिडकीतून पाहिलं. निमी मांडीवर हात ठेवून फळ्याच्या वर कुठेतरी बघत होती. मागच्या रांगेत एक मुलगा खिदळला. दुसरा वळला. गुरुजींनी हातातली पेन्सिल उचलली. मला वाटलं, आता गैरहजर लिहितात. बाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दोन दिवस वळ होता. गुरुजींनी पेन्सिल हजेरीपत्रकावर आडवी ठेवली, एक हात खिदळणाऱ्या मुलाकडे केला आणि दुसऱ्या हाताची बोटं अंगठ्याने मोजायला लागले, ओठ हलत होते. अख्खा वर्ग गुरुजींच्या बोटांकडे बघत होता. बोटं संपली. त्यांनी पुन्हा करंगळीपासून सुरुवात केली.

मग त्यांनी तेच नाव पुन्हा घेतलं, पहिल्या वेळेच्याच आवाजात.

"हजर," निमी म्हणाली.